निदान लॅबचा कोर्स तरी!

दरवर्षी बारावीचे आणि पाठोपाठ 'नीट'चे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एक वाक्य ऐकू येते. मुलगा मान खाली घालून बसलेला असतो, आई डोळे पुसत असते आणि वडील अथवा मामा मोठ्या समजूतदारपणे म्हणतात, "जाऊ दे, डॉक्टरकीला नंबर लागला नाही, तर निदान लॅबचा कोर्स तरी कर." या वाक्यातील 'निदान' हा शब्द मोठा मार्मिक आहे. मराठीत त्याचे दोन अर्थ होतात. बोलणाऱ्याच्या मनात 'किमानपक्षी' हा अर्थ असतो. पण ज्या कामाकडे तो मुलाला ढकलू पाहतो, त्या कामावर रोग ओळखण्याचे, म्हणजे दुसऱ्या अर्थाच्या निदानाचे, ओझे असते. आपण पहिल्या अर्थाने मुले पाठवतो आणि दुसऱ्या अर्थाची अपेक्षा करतो, ही या प्रश्नातील मुख्य विसंगती आहे.

ती विसंगती ओळखून काहींनी दुकाने थाटली आहेत. रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर, रिक्षाच्या पाठीवर, वर्तमानपत्रात घालून येणाऱ्या पत्रकांत त्यांच्या जाहिराती दिसतात: सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, बारावी नापासही चालेल, नोकरीची शंभर टक्के हमी. दोन खोल्या, एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र, भिंतीवर शरीररचनेचा तक्ता आणि शेवटी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र. त्यावर एखाद्या 'कौन्सिल'चे किंवा 'बोर्डा'चे भारदस्त नाव असते. ते कोणत्या कायद्याखाली स्थापन झाले, हे पालकही विचारत नाहीत आणि विकणाराही सांगत नाही. माझे भांडण त्या दुकानदाराशी आहेच. पण त्याहून अधिक ते त्याच्या दारात रांगेने उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या सुशिक्षित गिऱ्हाइकांशी आहे.

गिऱ्हाइकांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. "अहो, आता सगळे मशीनच करते. रक्त आत घालायचे, बटन दाबायचे, कागद बाहेर. त्याला तीन-तीन वर्षे कशाला शिकायचे?" हा युक्तिवाद मी इतक्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, की त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

पावसाळ्यातील डेंग्यूचे दिवस आठवा. घरातील मुलाला ताप आहे, रक्त तपासले आणि कागदावर प्लेटलेट्सची संख्या आली पंचवीस हजार. निरोगी माणसात ती दीड लाख ते साडेचार लाख असते. घरात आकांत होतो. रात्री अकरा वाजता रक्तपेढ्यांचे दूरध्वनी फिरू लागतात, तरुणांचे गट मोटारसायकलींवर धावतात. आता, ही संख्या खरी असू शकते; डेंग्यूत प्लेटलेट्स घटतातच. पण ती खोटीही असू शकते. रक्त काढताना सुई नीट लागली नाही, रक्त हळूहळू ठिबकत आले, जांभळ्या टोपणाच्या नळीत ते घेतल्यावर ती नळी लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी केली नाही, तर रक्तात बारीक गुठळी धरते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकतात. काही थोड्या माणसांच्या बाबतीत, हजारात एखाद-दुसऱ्याच्या, त्या नळीतील ईडीटीए नावाच्या रसायनामुळेच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून पुंजके होतात. यंत्र कण मोजते ते मुख्यतः आकारावरून. पुंजका त्याच्या दृष्टीने प्लेटलेट नव्हेच. ते त्याला सोडून देते, किंवा पांढरी पेशी समजून मोजते. मग कागदावर पंचवीस हजार येतात आणि मुलाच्या अंगात दोन लाख असतात.

हे यंत्राला कळत नाही. नव्या यंत्रांत इशाऱ्याची खूण उमटते एवढेच. त्या खुणेचा अर्थ ज्याला कळतो, तो काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरतो, रंगवतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि त्याला पट्टीच्या पिसाऱ्यासारख्या टोकाशी चिकटलेले पुंजके दिसतात. तो नळीत गुठळी आहे का ते पाहतो, नव्याने रक्त मागवतो, गरज पडल्यास सायट्रेटच्या निळ्या नळीत घेऊन पुन्हा मोजतो. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रधारकाला ती खूण म्हणजे पडद्यावरील एक अडथळा वाटतो. तो 'ओके' दाबतो. दोघांनीही बटनच दाबले. एकाने कधी दाबायचे नाही, हे शिकून घेतले होते.

आणि यंत्रापर्यंत पोचण्यापूर्वीचा प्रवास? प्रयोगशाळेतील चुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी पुनःपुन्हा दाखवून दिले आहे, की निम्म्याहून अधिक चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच झालेल्या असतात. साखर तपासण्याचे रक्त करड्या टोपणाच्या फ्लोराइडच्या नळीत न घेता साध्या नळीत घेतले आणि दुपारपर्यंत तसेच ठेवले, तर रक्तातील पेशी साखर खात राहतात. ताशी पाच ते सात टक्के ती घटत जाते. सकाळचा मधुमेही दुपारी कागदावर निरोगी होतो. ज्या हाताला सलाइन लावले आहे त्याच हातातून वरच्या बाजूला रक्त काढले, की कागदावर सलाइनचेच गुण उतरतात. सर्वांत भयंकर प्रकार असा: लाल टोपणाच्या नळीत रक्त कमी पडले म्हणून जांभळ्या नळीतील थोडे तिच्यात ओतायचे. दिसायला निरुपद्रवी युक्ती. पण जांभळ्या नळीतील ईडीटीए हा पोटॅशियमचा क्षार असतो आणि तो रक्तातील कॅल्शियम बांधून टाकतो. परिणामी कागदावर पोटॅशियम इतके वाढलेले येते की डॉक्टरांना रुग्णाचे हृदय कोणत्याही क्षणी थांबेल अशी धास्ती वाटावी. कॅल्शियम मात्र रसातळाला गेलेले. जाणता तंत्रज्ञ हे दोन आकडे शेजारी-शेजारी पाहताच ओळखतो, की हा रोग रुग्णाचा नव्हे, नळीचा आहे. अजाण माणूस तो कागद पाकिटात घालून देतो, आणि अतिदक्षता विभागात नसलेल्या पोटॅशियमवर उपचार सुरू होतात.

हे सारे 'बारीकसारीक' आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याच्यासमोर एक मुंबईचेच उदाहरण ठेवतो. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगासमोर आणला. आपल्या शहराचे नाव त्याला मिळाले: 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो असे मानले जाते. त्याची गंमत, खरे तर गंमत कसली, त्याचा धोका असा, की नेहमीच्या पद्धतीने पेशींवर ए आणि बी यांची प्रतिद्रव्ये टाकली, तर तो हुबेहूब 'ओ' दिसतो. काहीच गोठत नाही. तंत्रज्ञ 'ओ' लिहून मोकळा. पण रक्तगट तपासण्याची एक दुसरीही बाजू आहे. रुग्णाच्या रक्तातील द्रव घेऊन तो ज्ञात गटाच्या पेशींवर, त्यांत 'ओ' गटाच्या पेशींवरही, टाकून पाहायचा. खऱ्या 'ओ' गटाचा द्रव 'ओ' पेशींना काही करीत नाही. बॉम्बे गटाचा द्रव त्यांचे पुंजके करतो. अशा माणसाला 'ओ' रक्त चढवले, तर ते त्याच्या अंगात फुटू लागते आणि प्राणावर बेतते. त्याला फक्त त्याच्याच गटाचे रक्त चालते. कोणी म्हणेल, रक्त देण्यापूर्वीच्या क्रॉसमॅचमध्ये हे उघडकीस येईल. येईलही. पण क्रॉसमॅच करणारा माणूसही कोणत्या तरी संस्थेतूनच शिकून आलेला असतो. पहिल्या माणसाने दुसऱ्या बाजूची तपासणी वेळखाऊ म्हणून वगळली, तर दुसऱ्याने ती वगळणार नाही, याची हमी कोण देणार?

एका साहाय्यकाच्या क्षणभराच्या हलगर्जीची किंमत काय असते, याचा दाखला शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचे एक टोक मुंबईतच आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस आपल्या सर्वांना अभिमानाने ठाऊक असतात. हडफडे-बार्देशच्या बाजूने मुंबईत आलेल्या पिढ्यांनी तर या गोव्याच्या सुपुत्राचे नाव घरात जपले. धोबीतलावाजवळील त्यांचा पुतळाही पुष्कळांनी पाहिला आहे. त्याच साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचण्यात आली आणि एकाच बाटलीतून टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मृत्यू पावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. त्यानंतर जे स्पष्ट झाले ते असे: बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने त्या बाटलीचे बूच काढले होते. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. त्या साहाय्यकाची जगाला ओळख नाही. जगाला माहीत असलेल्या शास्त्रज्ञाची पाच वर्षे आणि एकोणीस माणसांचे प्राण त्याच्या चिमट्याला लागून होते, एवढे मात्र नोंदलेले आहे.

मग कायदा काय म्हणतो? पुष्कळांना वाटते, या क्षेत्राला कायदाच नाही. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते, आता नाही. महाराष्ट्रात पॅरावैद्यक परिषदेचा कायदा झाला, आणि २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. वैद्यकीय प्रयोगशाळेतील व्यवसाय त्यात समाविष्ट आहेत. त्या कायद्यानुसार या वर्गातील तंत्रज्ञाची पदविका किंवा पदवी किमान दोन हजार तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी लागते. आता थोडे अंकगणित करू. सहा महिने, महिन्याला पंचवीस दिवस, रोज आठ तास, असे अखंड शिकवले तरी बाराशे तास होतात. जाहिरातीतील वर्ग तर बहुधा दोन तासांचा असतो. म्हणजे तीनशे तास. उरलेल्या सतराशे तासांत जे शिकायचे, ते हा मुलगा कोणाच्या रक्तावर शिकणार आहे?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवळ रक्त काढण्याचे अल्प मुदतीचे प्रशिक्षण असू शकते आणि चांगले दिले तर ते उपयुक्तही असते. त्याला तेच नाव द्यावे. पण शिधा मोजायला शिकलेल्याला स्वयंपाकी म्हणून पाठवू नये.

दुसरा एक वाद जुना आहे: पॅथॉलॉजिस्ट आणि तंत्रज्ञ यांच्यातील सहीचा वाद. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. स्वतंत्र लॅब चालवणाऱ्या अनेक तंत्रज्ञांना तो निर्णय जाचक वाटला. त्यांच्यातील कित्येक अनुभवी, प्रामाणिक माणसे आहेत आणि त्यांच्या व्यथेला मी हसणार नाही. पण निर्णय योग्य आहे असेच माझे मत आहे. आकडा काढणे आणि आकड्याचा अर्थ लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. मात्र त्याच न्यायाने, जे डॉक्टर एकाच दिवशी चार गावांतील पाच लॅबच्या कागदांवर सह्या करतात, आणि ज्यांची सही कधी कधी त्यांच्या आधीच कागदावर छापलेली असते, त्यांना कोणत्या तोंडाने तंत्रज्ञाला दोष देता येईल? भाड्याने दिलेली सही आणि विकत घेतलेले प्रमाणपत्र एकमेकांना सांभाळून घेतात.

त्यांना सांभाळून घेणारा तिसराही आहे. माझ्या माहितीतील एका लॅबमध्ये रोज सकाळी यंत्र तपासण्यासाठी लावायचा ज्ञात मूल्याचा नमुना, ज्याला तेथे 'कंट्रोल' म्हणतात, आठवड्यातून एकदा लावला जाई आणि उरलेल्या दिवसांचे आकडे तेथील मुलगा वहीत अंदाजाने भरीत असे. १९५० पासून लेव्ही आणि जेनिंग्स यांच्या आलेखाने जगभरच्या प्रयोगशाळा रोज स्वतःची परीक्षा घेत आहेत. ही लॅब स्वतःचीच उत्तरपत्रिका लिहीत होती. त्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "मालक म्हणतात, कंट्रोल महाग पडतो." मुलगा वाईट नव्हता. त्याला शिकवले गेले नव्हते. शिकलेला असता तर कदाचित तो नोकरीवर राहिला नसता. कारण शिकलेल्याला पगार अधिक द्यावा लागतो आणि तो प्रश्न विचारतो. मालकाला दोन्ही गोष्टी नको असतात. तपासणी न करताच नमुना बेसिनमध्ये ओतून आकडे लिहून देण्याचे प्रकार या देशात झालेले आहेत. त्या धंद्याला 'सिंक टेस्ट' असे नावही पडले आहे. अशी खोटी साक्ष लिहायला हात लागतो तो बहुतेक वेळा अर्धशिक्षित, गरजू, वीस-बावीस वर्षांच्या मुलाचाच. आणि आपण? आपण तपासणीच्या किमतीत किती सूट मिळते ते विचारतो. कंट्रोल लावला का, असे मी आजवर एकाही रुग्णाला विचारताना ऐकलेले नाही.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्या घरात वडील आजारी आहेत, धाकटी भावंडे शिकत आहेत, त्या घराला तीन-चार वर्षे थांबणे परवडत नाही. परंतु अशी घरे त्या दुकानात जी रक्कम एकरकमी भरतात, ती मी पाहिली आहे. ती थोडी नसते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यानंतर वर्षभराची आंतरवासिता असते. शासकीय संस्थेत प्रवेश मिळाला, तर तेथील शुल्क त्या दुकानाच्या तुलनेत जड नसते. जड असते ते रोजचे भाडे, जेवण आणि घरी न येणारा पगार. तेथे समाजाने हात द्यावा. आपल्या धर्मग्रामांतील शिक्षणनिधी आणि पतपेढ्या होतकरू डॉक्टर-अभियंत्यांचा सत्कार करतात, त्यांची छायाचित्रे छापतात. लॅबच्या पदवीला गेलेल्या एखाद्या मुलीला तीन वर्षांचा रेल्वेचा पास काढून दिल्याचे छायाचित्र मला अजून पाहावयाचे आहे.

आणि ज्यांचे डोळे आखाताकडे लागलेले असतात, त्यांनी तर हा कागद हातातही धरू नये. तेथील आरोग्य खाती परवाना देण्यापूर्वी मूळ संस्थेकडे चौकशी करून प्रमाणपत्र पडताळून घेतात, परीक्षा घेतात, अनुभवाचे दाखले मागतात. सोनेरी किनार त्या चौकशीत टिकत नाही.

एका गोष्टीचा विचार आयांनी तरी करावा. हे काम मुलाच्या स्वतःच्या शरीरालाही धोक्याचे आहे. वापरलेली सुई बोटात शिरली आणि त्या रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल, तर लस न घेतलेल्याला संसर्ग होण्याची शक्यता शंभरांत सहा ते तीस इतकी असते; एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारांत तीनच्या आसपास. म्हणून पहिल्या दिवसापूर्वी हिपॅटायटिसच्या लसीचे तीन डोस, सुईवर पुन्हा टोपण न चढवण्याची सवय, सुया टाकण्यासाठी न टोचणारा पांढरा डबा, आणि टोचलीच तर तत्काळ कोणाकडे जायचे याची माहिती, या गोष्टी खरी संस्था आधी शिकवते. दुकान शिकवीत नाही. तेथून बाहेर पडलेल्या मुलांना विचारून पाहा, लस घेतली होती का.

प्रवेशाचे दिवस आता लांब नाहीत. मुलाचा हात धरून कोणत्याही संस्थेच्या कार्यालयात जाल तेव्हा रंगीत पुस्तिका बाजूला ठेवा आणि विचारा: हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाशी वा मंडळाशी संलग्न आहे, किती तासांचा आहे, प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात आणि कोणाच्या देखरेखीखाली होते, तेथे रोज साधारण किती नमुने येतात, उत्तीर्ण झाल्यावर परिषदेकडे नोंदणी होते का. उत्तरे लेखी मागा. समोरच्याने "त्याची काही गरज नसते हो" असे म्हटले, तर फी भरण्याचीही गरज नसते. उठून यावे आणि त्याच दिवशी शेजारच्या घरात, जेथे यंदा बारावीचा मुलगा आहे, तेथेही सांगून यावे.